अंगण, कुरण आणि खेळाची जागा

जव्हारजवळ शिरपामाळ नावाचा एक माळ आहे. सुरतेवर चालून जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम तेथे पडला आणि जव्हारच्या कोळी राजाने त्यांचे तेथे स्वागत केले, असे सांगतात. सुरतेची पहिली लूट जानेवारी १६६४ मधली. तेव्हापासून त्या ओसाड माळाला इतिहासात जागा मिळाली, आणि आजही माणसे तो मुद्दाम पाहावयास जातात. ज्या माळावर राजे भेटले त्याची आठवण राहते, हे योग्यच आहे. पण त्याच मुलखात पाड्यापाड्याला स्वतःचा एकेक माळ असतो. तेथे पिढ्यान् पिढ्या मुले हुंदडली, भांडली, गुरांमागे धावली. त्या माळांचा उल्लेख कोणत्याही बखरीत नाही. मुलांचा खेळ हा असा व्यवहार आहे की तो करणारे मोठे झाले की विसरतात, आणि इतिहास लिहिणारे तर सगळे मोठेच असतात!

खेळालाही इतिहास असतो, आणि तो शोधून काढण्याची कधी कधी फार निकड असते, हे मला पटले ते मोखाडा तालुक्यातील पोशेरा ह्या गावाच्या निमित्ताने. तिकडच्या एका ओळखीच्या गुरुजींनी मला विचारले, “ताई, पोरांसाठी खेळाची जागा करावी असं मनात आहे. आमच्या माणसांचं, आमच्या रानाचं काहीतरी तिच्यात दिसावं. तुम्ही जुनं वाचता; असं पूर्वी कुठं झालं आहे का?” त्यांच्या हातात एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका होती. तिच्यात लाल-पिवळ्या घसरगुंड्या होत्या, लोखंडी झोपाळे होते, खाली सिमेंटच्या लाद्या होत्या. आणि शेवटच्या पानावर, आदिवासी संस्कृतीचे दर्शन म्हणून, कुंपणाच्या भिंतीवर रंगवलेली वारली चित्रे होती. “शोधते, मग सांगते,” असे मी त्यांना म्हटले. त्या शोधात जे हाती लागले ते येथे मांडीत आहे.

आधी त्या भूमीविषयी थोडे सांगितले पाहिजे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या पूर्वेच्या डोंगराळ अंगाला जव्हार आणि मोखाडा हे तालुके आहेत. जव्हार हे मुकणे घराण्याचे महादेव कोळ्यांचे संस्थान होते व ते १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. मोखाडा मात्र इंग्रजी ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याचा पेटा म्हणून होता. राज्ये दोन असली तरी माणसे तीच: वारली, ठाकर, महादेव कोळी, कोकणा, कातकरी. खोलगट जागी भात, उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी, वरई, खुरासणी. पावसाळ्यात शंभर इंचांच्या घरात पाऊस कोसळतो. आणि तेच सारे पाणी दऱ्यांतून निघून गेल्यावर एप्रिल-मे महिन्यांत बायाबापड्या हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरतात.

मुलांचा खेळ ह्या ऋतुचक्रालाच बांधलेला असतो. पहिला पाऊस झाला की भाताच्या बांधांवर खेकडे धरण्याची धांदल. मग पानांच्या पिपाण्या, बांबूच्या नळीतून कोवळी फळे उडवावयाच्या बंदुका, गुरांमागे जाताना बेचकी. पिके कापली की सारवलेले खळे हेच मैदान. उन्हाळ्यात करवंदांची जाळी, आणि पहाटे उठून टोपलीत वेचावयाची मोहाची फुले. चिंचोके, गुंजा, सागरगोटे ही खेळाची नाणी. ह्यात काम कोठे संपते आणि खेळ कोठे सुरू होतो हे सांगणे कठीण. गुरे राखणारा मुलगा दिवसभर काम करीत असतो आणि दिवसभर खेळतही असतो. सूरपारंब्यांचा खेळ तुम्हां-आम्हांलाही ठाऊक आहे. पण त्याला आधी एक वड लागतो! शहरात वड गेला आणि त्याबरोबर तो खेळही गेला. डोंगरात अजून झाडे आहेत.

आता, आखून दिलेले खेळाचे मैदान ही कल्पना जगाला तशी नवीच आहे. ती शहरांत जन्मली आणि तिचे मूळ कारण एक दुःख आहे. कारखान्यांच्या गावांत मुलांना खेळावयास रस्त्याखेरीज जागा उरली नाही, तेव्हा मोठ्यांना त्यांची दया आली. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली व १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे मुलांची बाग असे नाव दिले. तिच्यात खरोखरीची बाग होती. मुलांना स्वतःचे छोटे वाफे होते. पुढे बर्लिनमध्ये मुलांसाठी वाळूचे ढीग घालू लागले. ते पाहून १८८५ मध्ये अमेरिकेत बॉस्टन शहरी गरीब वस्तीतल्या मुलांसाठी वाळूचा एक ढीग ओतण्यात आला. आजच्या अमेरिकन क्रीडांगणांची वंशावळ त्या ढिगापाशी जाऊन पोहोचते. लोखंडी सांगाडे आणि डांबरी जमीन हे सगळे नंतरचे.

त्या लोखंडाला पहिला मोठा प्रतिटोला दिला तो डेन्मार्कने. सोरेनसेन नावाच्या उद्यानरचनाकाराच्या ध्यानात आले की आपण आखलेल्या नीटनेटक्या मैदानांपेक्षा पडक्या जागी, बांधकामाच्या राड्यात मुले अधिक रमतात. १९४३ मध्ये, देश जर्मन फौजांच्या टाचेखाली असताना, कोपनहेगनच्या एम्द्रुप भागात त्याच्या कल्पनेप्रमाणे एक मैदान उघडण्यात आले. तेथे लाकडे, विटा, दोर आणि माती एवढेच होते. बाकीचे मुलांनी करावयाचे. युद्धानंतर ही कल्पना इंग्लंडात व अन्यत्र पसरली. अलीकडे कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड ह्या देशांत तेथील मूळ रहिवाशांना बरोबर घेऊन, त्यांची झाडे, त्यांचे दगड, त्यांच्या कथा ह्यांतून मुलांच्या जागा घडवण्याकडे कल होत आहे.

हे सर्व मी गुरुजींना सांगितले असते, पण त्यात एक गंमत आहे. ज्याचा शोध घेत मी कोपनहेगनपर्यंत गेले ते त्यांच्याच जिल्ह्यात, डहाणूच्या अंगाला, पाऊणशे वर्षांपूर्वी सुरू झाले होते.

ताराबाई मोडक ह्यांचे नाव जुन्या वाचकांना सांगावयास नको. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ह्या बाई १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेका ह्यांच्या बालमंदिरात गेल्या. मादाम मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत बालगृह उघडले होते. त्या शास्त्राची भारतीय बैठक घालण्याचे काम गिजुभाई आणि ताराबाई ह्यांनी केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. पण मॉन्टेसरींची साधने म्हणजे घोटीव लाकडाचे मनोरे, मोजून कापलेल्या दांड्या, रंगीत चकत्या. दादरच्या मध्यमवर्गाला ती परवडत. खेड्यातल्या शाळेने ती आणावयाची कोठून? गांधीजींच्या प्रेरणेने बालशिक्षण खेड्यात नेण्याचा ध्यास ताराबाईंना लागला होता. १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले.

त्याच वर्षी बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात अनुताई वाघ त्यांना भेटल्या. १९१० चा जन्म, लहानपणीच लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, आणि त्यानंतर मास्तरकी करीत केलेले शिक्षण, असा अनुताईंचा पूर्वेतिहास. ताराबाईंनी बोलावले आणि त्या बोर्डीला गेल्या, त्या कायमच्याच.

१९४५ हे साल त्या भागात आणखी एका कारणाने लक्षात राहण्याजोगे आहे. त्याच वर्षाच्या मे महिन्यात, शेजारच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर ह्यांच्या पुढाकाराने वारल्यांची मोठी परिषद भरली आणि वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर सावकाराकडे राबणाऱ्या माणसाला तिकडे ‘लग्नगडी’ म्हणत. बापाचा दिवस असा दुसऱ्याचा असेल, तर मुलाच्या खेळाची गोष्ट कोणी बोलावी? तरीही, एकीकडे माणसे वेठ नाकारीत होती, आणि थोड्याच अंतरावर दोन बायका त्यांच्या मुलांसाठी गारगोट्या नि शिंपले गोळा करीत होत्या. दोन्ही कामांचा मार्ग वेगळा. पण मूल हे कोणाचे गडी होण्यासाठी जन्मत नाही, हा विचार दोहोंच्या मुळाशी सारखाच होता असे मला वाटते.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुले येईनात. काहींना धाकटी भावंडे सांभाळावयाची, काहींना गुरांमागे जावयाचे. काहींना शाळा ही वस्तूच परकी. कोणी दुसरा असता तर ‘ह्या लोकांना शिक्षणाची आवड नाही’ असा शेरा मारून मोकळा झाला असता. ताराबाईंनी उलट केले. मूल बालवाडीकडे येत नसेल तर बालवाडीने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरवले. वस्तीतल्या एखाद्या घरासमोरचे सारवलेले अंगण घ्यावयाचे, तेथेच मुलांना आंघोळ घालावयाची, केस विंचरावयाचे, नखे कापावयाची, गाणी म्हणावयाची, खेळावयाचे. ह्या अंगणातल्या बालवाडीचे नाव पडले ‘अंगणवाडी’.

साधनांचा प्रश्न तसाच सुटला. लाकडी चकत्यांच्या जागी बिया आल्या. लहान-मोठेपणा शिकवावयास ओढ्यातले गोटे, खरखरीत-मऊ ओळखावयास झाडांच्या साली आणि पाने, मोजावयास चिंचोके, रंग ओळखावयास फुले. समुद्र जवळ, म्हणून शिंपले. मॉन्टेसरींचे तत्त्व जसेच्या तसे राहिले. ते बोलू लागले तेवढे त्या मातीच्या भाषेत.

बोर्डीचा हा अनुभव गाठीशी बांधून हे काम पुढे आत, कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे वारल्यांचे पाडे. तेथल्या संकुलाला ‘विकासवाडी’ हे नाव मिळाले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवण्याची युक्ती तेथे करण्यात आली. तिचे कारण अगदी घरगुती होते: आठ वर्षांची मुलगी शाळेत येते ती काखेत तान्हे भावंड घेऊन. त्या तान्ह्याला जागा नसेल तर ताईलाही जागा नाही. आणि जी मुले गुरे सोडून येऊच शकत नव्हती त्यांच्यासाठी शिक्षकच कुरणात गेले. गुरे चरत आहेत, मुले झाडाखाली बसली आहेत, पाने-दगड मांडून हिशेब चालला आहे. ह्या शाळेला ‘कुरणशाळा’ म्हणत.

शासनाने १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण दिले. १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, आपल्या अखेरच्या दिवसापर्यंत, ती टेकडी सांभाळली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिले अंगणवाडी. आज देशभर, मराठीचा गंधही नसलेल्या मुलखांतसुद्धा, हा शब्द चालतो. मराठी भाषेने भारताला दिलेल्या शब्दांत हा एक मोठा मोलाचा शब्द आहे.

मात्र शब्दाचा प्रवास लांबचा झाला की त्यातला अर्थ वाटेत सांडतो. अंगणवाडी म्हटले की आज आपल्या डोळ्यांपुढे एक खोली, एक वजनकाटा, एक नोंदवही आणि खिचडीचे पातेले येते. त्या खोलीत राबणाऱ्या सेविका-मदतनिसांच्या कष्टांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या अंगावर इतकी कामे टाकली आहेत की अंगणात जावयास त्यांना उसंत मिळू नये. पण अंगण गेले आणि वाडी राहिली, हे खरे.

कोसबाडच्या कामाकडे आज मागे वळून पाहताना आणखी एक गोष्ट जाणवते. बिया, दगड, पाने ही साधने आदिवासींच्या रानातली होती; पण कोणते साधन कशासाठी वापरावयाचे हे ठरवणारे बाहेरून आलेले होते. त्या काळी ते अपरिहार्यच होते. पुढचे पाऊल मात्र तेथून टाकावयाचे आहे. रान ज्यांचे, त्यांनीच आता खेळाची जागा आखावी.

रान ज्यांचे, असे मी सहज लिहून गेले. पण इतिहासात ते कोणाचे ठरले? १८७८ च्या कायद्याने इंग्रज सरकारने जंगले राखीव केली आणि १९२७ च्या कायद्याने ती व्यवस्था पक्की केली. काल ज्या झाडावर मूल चढत होते ते झाड सरकारी झाले, आणि तेथे गुरे घालणे हा गुन्हा होऊ शकला. कागदावर ही जमीन-महसुलाची बाब. मुलाच्या दृष्टीने पाहिले तर तिच्या खेळाची जागाच कोणी कुंपण घालून नेली. त्याची भरपाई म्हणून २००६ मध्ये वनहक्क कायदा आला. त्यात वनजमीन गावाच्या सोयींसाठी देता येईल अशी तरतूद आहे: प्रत्येक सोयीला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी पंच्याहत्तरांहून अधिक झाडे तोडावयाची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. अशा तेरा सोयी तेथे मोजून दिल्या आहेत. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशनचे दुकान, रस्ता, समाजमंदिर. खेळाचे मैदान त्या यादीत नाही! २००९ चा शिक्षणहक्क कायदा मात्र प्रत्येक शाळेला क्रीडांगण असलेच पाहिजे असे म्हणतो. एका कायद्याला आठवले ते दुसरा विसरला.

पण ह्या विसरण्यातूनही वाट निघते. वनहक्क कायद्याने गावाला आपले सामूहिक वन राखण्याचा व त्याची व्यवस्था पाहण्याचा हक्कही दिला आहे. झाड न तोडता, जमीन न खणता, सिमेंट न ओतता जी खेळाची जागा होते, तिला वेगळी जमीन मागण्याची गरजच थोडी पडते. गावाच्या कडेचे रान नि शाळेचे अंगण ह्यांच्यामधली वाट हीच ती जागा होऊ शकते, अशी माझी समजूत आहे.

एवढा इतिहास गाठीशी बांधून मी गुरुजींना उत्तर लिहिले. त्यातला सारांश असा.

प्रथम, एक वर्षभर काही बांधू नये. मुले कोठे खेळतात ते पाहावे. पावसाळ्यात कोठे, थंडीत कोठे, उन्हात कोठे. ज्या खडकावरून ती आताच घसरतात तो खडक हीच घसरगुंडी. त्याच्या खाली माती मऊ करावी, काटे काढावेत, अणकुचीदार कपरी बोथट कराव्यात, बस्स. लोखंडी घसरगुंडी तेथे एप्रिलच्या उन्हात तापेल आणि चार पावसाळ्यांत गंजेल, आणि गंजली की दुरुस्त करणारा माणूस तालुक्याहून बोलवावा लागेल. बांबूचा झोका दोन-तीन वर्षांत बदलावा लागतो खरा; पण तो बांधणारे हात प्रत्येक पाड्यात आहेत. बांबू कधी तोडावा, किती दिवस पाण्यात ठेवला म्हणजे त्याला कीड लागत नाही, हे त्या हातांना ठाऊक असते. दरवर्षी झोके बदलण्याचा एक दिवस ठरवला तर दुरुस्ती हाच एक सण होईल आणि आजोबांचे ज्ञान नातवाच्या हाती जाईल.

दुसरे, ओढ्याची एक लहानशी चर जागेतून काढून घ्यावी. पावसाळ्यात तिच्यात बांध घालावेत, होड्या सोडाव्यात. उन्हाळ्यात तिच्यात कोरडी वाळू उरेल, तीही खेळावयास उत्तम. जेथे मे महिन्यात प्यावयास पाणी नाही तेथे कारंजे उडवणे ही थट्टा होईल.

तिसरे, मध्ये एक खळे असावे. गोल, चोपलेले, शेणाने सारवलेले. भात पिकल्यापासून दिवाळीपर्यंत रात्री तारप्याचा नाच होतो तो अशाच मोकळ्या जागी. दुधी, बांबू आणि ताडाचे पान ह्यांतून झालेले ते वाद्य. वाजवणारा मध्ये, आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेत हात गुंफलेली रांग वळत जाते. त्याहून चांगला मैदानाचा आराखडा कोणत्या रचनाकाराला सुचला असता? दिवसा तेथे मुलांनी आट्यापाट्या आखाव्यात, रात्री मोठ्यांनी नाचावे. जागा एकच असली की मुलाला आपण कोणाचे हे वेगळे शिकवावे लागत नाही.

चौथे, एखाद्या दाट झाडाखाली झोळी बांधावयास दोन खुंट आणि बसावयास एक ओटा असावा. धाकट्याला झोळीत निजवून ताईला खेळता आले पाहिजे. हा धडा विकासवाडीचा.

पाचवे, काय करू नये तेही ठरवावे. गावदेवाची जागा, वाघदेवाची जागा खेळात ओढू नये. कोठवर जावे हे गावातल्या म्हाताऱ्यांनी दाखवावे. मोखाड्याच्या बोहाड्यातले मुखवटे प्रसिद्ध आहेत. पण कोणते सोंग कोणत्या घराने घ्यावयाचे ह्याला तेथे परंपरेचा मान आहे, म्हणून ते सिमेंटमध्ये ओतून खांबावर बसवू नयेत. भिंतीवरल्या चित्रांचेही तेच. तांदळाच्या पिठाने गेरूच्या भिंतीवर लिहिला जाणारा लग्नाचा चौक हे वारल्यांचे मंगलकार्य आहे. तो लिहिण्याचा मान सवाष्णींचा. त्यात पालघाट देवी बसते. तो चौक ऑइलपेंटने कुंपणावर उतरवला आणि कुंपणाच्या आत लाद्या घातल्या, तर भिंत वारली आणि जमीन परकी असा प्रकार होतो. मुलांनी स्वतः हवे तर गेरूने नि पिठाने काहीही काढावे. पहिल्या पावसात ते धुऊन जाईल, पुन्हा काढतील.

आता एका प्रश्नाला उत्तर देणे प्राप्त आहे, आणि तो प्रश्न वाचकांच्या मनात केव्हाचा आला असेल. ज्या भागात पोरे उपाशी राहिली तेथे खेळाच्या गोष्टी कसल्या करता? १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता, आणि त्यानंतरही कुपोषण हा शब्द ह्या डोंगरांच्या वाट्याला वारंवार आला. अन्न आधी, औषध आधी, ह्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. पण कोणत्याही आईला विचारा: मूल आजारी आहे हे तिला प्रथम कशावरून कळते? ते खेळेनासे होते. मग ती कपाळाला हात लावून पाहते. ज्या गावाला आपली मुले रोज एका ठिकाणी खेळताना दिसतात, त्या गावाला कोणते मूल आज आले नाही, कोणते नुसते कडेला बसून राहिले, हेही दिसते. ताराबाईंनी आंघोळ, खाणे आणि खेळ एकाच अंगणात आणले ते ह्याच जाणिवेने.

दुसरी अडचण ह्याहून अवघड आहे. आपण शहरात फराळाचे डबे उघडतो, पाहुणे बोलावतो. आणि दिवाळी सरताच जव्हार-मोखाड्याची अनेक कुटुंबे भांडीकुंडी बांधून वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, भिवंडी-वसईकडे निघतात, ती पाऊस तोंडावर आला म्हणजे परततात. मुले अर्थातच बरोबर जातात. वसईच्या बाजूला विधायक संसदेने नव्वदच्या दशकात भट्ट्यांवरच अशा मुलांसाठी ‘भोंगाशाळा’ चालवल्या. तीही एक परीने कुरणशाळेचीच धाकटी बहीण. पण पोशेऱ्याच्या खेळाच्या जागेचे काय? थंडीत आणि उन्हाळ्यात ती निम्मी ओस पडेल काय? ह्याला माझ्याकडे रचनेचे उत्तर नाही. गावातच काम आणि वेळेवर मजुरी मिळेल तेव्हाच तो झोका बारा महिने हलेल. म्हणून मी गुरुजींना लिहिले, की त्या जागेवर किती मुले किती महिने खेळली ह्याची नोंद ठेवा. गावाची खरी स्थिती सांगणारा तो इतिहास होईल, आणि तो लिहिणारे कोणी बखरकार बाहेरून येणार नाहीत.

गुरुजींचे उत्तर आले. पुस्तिका त्यांनी परत पाठवली होती. वाघबारशीच्या दिवशी गावातल्या चार जाणत्यांना आणि गुरे राखणाऱ्या पोरांना एकत्र बसवून जागा ठरवावयाची, असे त्यांनी लिहिले होते. आश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस म्हणतो आणि गाय-वासराची पूजा करतो. त्याच तिथीला तिकडे डोंगरात गुराखी वाघदेवाला नैवेद्य दाखवतात, ह्या वर्षी आमच्या गुरांना नि आम्हांला सांभाळ असे म्हणतात. आपण गाईला मान देतो. ते वाघालाही देतात, कारण त्यांना त्याच रानात वर्षभर वावरावयाचे असते. त्या दिवशी मान असतो तो गुराख्याचा, म्हणजे बहुधा पोरांचाच. खेळाची जागा ठरवावयास ह्याहून चांगला मुहूर्त मला तरी सुचला नसता. त्यांनी पत्राच्या शेवटी एक ओळ लिहिली होती: “पोरांनी जागा अगोदरच ठरवली आहे, आम्ही फक्त पाहायला जाणार आहोत.”